माझी सवत कार्बनची

मी हॉकी स्टिक बोलतेय. लॉर्ना हॉस्टेटरची. तिच्या हातात आलेली मी पहिली नव्हे आणि शेवटचीही नव्हे, पण तिची खरी स्टिक मीच. एवढं आधी ऐकून घ्या, मग बाकीचं.

मी तुतीच्या लाकडाची. जन्म जालंधरचा. तिथे वाफेवर माझं टोक वाकवलं, मूठ बसवली, दोऱ्यानं आवळून बांधली आणि माझ्यासारख्या पुष्कळजणींबरोबर खोक्यात घालून समुद्रापार पाठवलं. खोकं उघडलं ते पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या एका खेळाच्या दुकानात.

लॉर्ना तेव्हा शाळेत होती. हॉकीचा स्कर्ट, गुडघ्यांना चिखल, आणि सोबत तिची आई आर्लीन. लॉर्नानं भिंतीवरच्या सगळ्या स्टिका एकेक करून खाली काढल्या.

"आई, चेंडू टाक."

"इथे? दुकानात?"

"टाक गं!"

आर्लीननं चेंडू घरंगळत सोडला. बाकीच्यांवर तो टक्‌ करून उडाला. माझ्यावर आला आणि बसला, मांजर उशीवर बसावं तसा.

"अहो बाई, काचा आहेत इथे!" दुकानदार ओरडला.

"हीच," लॉर्ना म्हणाली. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरची वर्षं माझी होती. दर रविवारी चर्चहून आल्यावर लॉर्ना मागच्या पायरीवर बसायची आणि मला जवसाचं तेल चोळायची. घरात कोंबडीच्या रश्श्याचा वास, बाहेर मक्याची शेतं, आणि मी तिच्या मांडीवर आडवी. पुढे वेस नावाच्या सुताराशी तिचं लग्न झालं. भला माणूस. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. त्याच्या हातात ती हात घालायची खरी, पण सामन्याच्या आधी तळव्यावर थुंकून घट्ट धरायची ती मला.

आमचं काम पेनल्टी कॉर्नरचं. एकजण गोलरेषेवरून चेंडू जोरात ढकलते. डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाला तो जागीच थांबवून ठेवायचा, म्हणजे शेजारची गोलावर फटका हाणते. फटका मारणारी ग्वेन. लोक टाळ्या वाजवायचे तिच्यासाठी. पण चेंडू थांबलाच नाही तर ग्वेन काय वाऱ्याला मारणार? लॉर्ना वाकायची, मी जमिनीला टेकायचे, चेंडू यायचा आणि निपचित पडायचा. याच कामावर लॉर्ना अमेरिकेच्या संघात गेली. म्हणजे आम्ही दोघी गेलो.

मग ती आली.

एका कंपनीचा माणूस सरावाला आला होता. लांब पिशवीतून त्यानं तिला बाहेर काढलं. काळी, चकचकीत, अंगावर चांदीची रेघ. लाकूड नावाला नाही. कार्बनची म्हणे.

"उचलून तर बघ," तो म्हणाला.

लॉर्नानं उचलली. "अगं बाई! हलकी फूल आहे."

ग्वेन म्हणाली, "मारून बघ, मारून बघ." लॉर्नानं मारलं. चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि कुंपणावर आपटला. सगळ्या पोरी ओरडल्या. लॉर्ना हसली. ते हसू मी ओळखत होते. दुकानात मला धरलं तेव्हा ती तसंच हसली होती.

त्या संध्याकाळी बॅगेत माझ्या जागी ती गेली. मी तळाला, पायमोज्यांच्या आणि नडगीच्या ढालींच्या खाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला तेल नको, पाणी नको, पुसलं तरी चालतं, नाही पुसलं तरी चालतं. अशा बाईला काय म्हणायचं? त्या रविवारी लॉर्ना पायरीवर बसलीच नाही. गरजच उरली नव्हती.

त्या उन्हाळ्यात पाच देशांच्या महिला संघांची स्पर्धा आमच्याच भागात भरली. घरचं मैदान. आर्लीन रोज डब्यातून संत्र्याच्या फोडी आणायची, लॉर्नाच्या आळीतली माणसं घडीच्या खुर्च्या आणि खायला खारे प्रेट्झेल घेऊन कठड्याला बसायची. मी मात्र बॅगेच्या अंधारात. माझ्या वाट्याला नुसते आवाज.

पहिल्याच सामन्यात सवतीचा एक लांब फटका ऐकला. टाळ्या. मी जळले. थोड्या वेळानं कॉर्नर मिळाला. ढकललेला चेंडू सरसरत आला आणि टक्‌! उडाला. कानाला तो आवाज इतका गोड लागला म्हणून सांगू.

दुसऱ्या सामन्यात पुन्हा तेच. टक्‌.

"मैदानावर पाणी जास्त मारलंय," लॉर्ना म्हणाली.

"सगळ्यांसाठी तेच पाणी आहे," कोच रॉशबाई म्हणाल्या. "आणि गुडघ्याचं काय? वाकायला वेळ लागतोय तुला."

"काही लागत नाही."

"उद्या कॉर्नरला टेसा उभी राहील. तू बाकावर."

टेसा झूक. संघातली सगळ्यांत लहान. शाळेत असताना लॉर्नाच्या उन्हाळी शिबिरात शिकलेली. आता तिचीच जागा घ्यायला निघालेली. बॅगेची चेन लॉर्नानं अशी खस्सकन ओढली, की मला कळलं, हिच्याही पोटात आता माझ्यासारखंच दुखतंय.

तिसरा सामना कॅनडाशी. खेळ रंगात आला असताना टेसाची लाकडी स्टिक दुसरीच्या स्टिकवर आपटून उभी चिरली. ती धावत बाकाकडे आली.

"लाकडी आहे का कुणाकडे? लाकडीच हवी. लवकर!"

सगळ्यांनी लॉर्नाकडे पाहिलं. तिच्या बॅगेतून माझी मूठ बाहेर आली होती. एवढ्या जणींसमोर नाही कसं म्हणणार?

"घे," लॉर्ना म्हणाली. "सांभाळून."

कितीतरी दिवसांनी अंगाला ऊन लागलं. टेसाचे हात लहान, पण मऊ. कॉर्नर मिळाला, ती वाकली, चेंडू आला आणि निपचित पडला. ग्वेननं गोल मारला. दुसरा कॉर्नर, दुसरा गोल. कठड्यावरची माणसं "टेसा! टेसा!" करून नाचायला लागली.

मी मात्र बाकाकडे बघत होते. लॉर्ना सवतीला गुडघ्यावर आडवी धरून बसली होती, आणि माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी आजवर बॅगेच्या तळातून वर बघत आले. बघ म्हटलं. आता बघ! इतकं सुख मला तेल चोळतानाही कधी मिळालं नव्हतं.

अंतिम सामना अर्जेंटिनाशी होता. त्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत लॉर्ना टेसासमोर येऊन उभी राहिली.

"स्टिक परत दे."

टेसा बुटांच्या नाड्या बांधत होती. "आजच्यापुरती राहू दे ना, लॉर्ना."

"माझी आहे ती. तुला ही घे. नवी कोरी."

"पण हिच्यावर चेंडू उडतो गं. तुझाही उडत होता."

लॉर्नानं सवतीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"मग शीक," लॉर्ना म्हणाली. "मला कोणी आयतं दिलं होतं?"

"लॉर्ना, हे बरं नाही," ग्वेन म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. माझी आहे ना ती?"

टेसानं मला तिच्या हातात ठेवलं. कान लाल झाले होते तिचे. मला तिची दया यायला हवी होती, पण नाही आली. 'माझी' म्हणाली लॉर्ना! दोनदा म्हणाली. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

तो सामना मी लॉर्नाच्या मांडीवर बसून पाहिला. दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला. अर्जेंटिनाच्या पोरी वाऱ्यासारख्या धावत होत्या. आम्हांला कॉर्नर मिळाला, टेसा सवतीला घेऊन वाकली आणि टक्‌! चेंडू उडाला. लॉर्नाची बोटं माझ्याभोवती आवळली. तिला बरं वाटलं होतं. मलाही वाटलं. आम्ही दोघी पुन्हा एक झालो होतो.

दुसरा कॉर्नर. पुन्हा उडाला. मी वाट बघत राहिले, पण या वेळी बोटं आवळली नाहीत. टेसा बाहीनं डोळे पुसत मागे धावत होती, आणि लॉर्ना तिच्याकडेच बघत होती.

शेवटची काही मिनिटं उरली. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूच्या घोट्याला लागलं, खेळ थांबला. रॉशबाई आमच्यासमोर येऊन वाकल्या.

"लॉर्ना, ऊठ. पुढच्या कॉर्नरला चेंडू तू थांबव. तुझी म्हातारी आहे ना हातात?"

म्हातारी म्हणजे मी. म्हणू दे. मी आनंदानं आतून थरथरले. लॉर्ना उठली, तळव्यावर थुंकली, मला धरलं. टेसा मान खाली घालून बाहेर यायला निघाली. दोघी मैदानाच्या रेषेवर समोरासमोर आल्या.

लॉर्ना थांबली. तिनं गुडघा एकदा वाकवून पाहिला आणि हळूच सरळ केला. मला वाटलं, आता पाऊल टाकेल. तिनं टेसाच्या हातातून सवतीला काढून घेतलं आणि मला तिथे ठेवलं.

"हे काय?" टेसा म्हणाली.

"तुझे हात माझ्यापेक्षा मऊ आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." लॉर्नानं तिचे दोन्ही खांदे धरून तिला उलटं फिरवलं. "जा परत. आणि रडत खेळू नकोस, चेंडू दिसत नाही."

"हॉस्टेटर! काय चाललंय?" रॉशबाई ओरडल्या.

"माझा गुडघा वाकत नाही, कोच," लॉर्ना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. माझ्या सवतीला मांडीवर घेऊन.

मला जे वाटलं ते सांगायला लाकडाकडे शब्द नाहीत. हिसकावून नेली असती तर सोसलं असतं. तिनं मला आपल्या हातानं देऊन टाकलं. आणि जवळ ठेवलं कोणाला?

कॉर्नर मिळाला. टेसा वाकली, मी जमिनीला टेकले. मनाशी ठरवून टाकलं, उडू द्यायचा. सवतीनं उडवला तर मी का नाही? बसू दे सगळ्यांना रडत. चेंडू सरसरत आला. पण इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं अंग माझं, त्यानं माझं ऐकलं नाही. चेंडू माझ्या कुशीत आला आणि गप्प झाला. ग्वेनचा फटका बसला, गोलातली फळी वाजली.

आम्ही जिंकलो. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. आर्लीनच्या संत्र्याच्या फोडी गवतात सांडल्या. लॉर्नानं टेसाला उचलून गरकन फिरवलं, माझ्यासकट. मला वाटलं, आता मागेल. टेसानं मला पुढेही केलं. "ठेव तुला," लॉर्ना म्हणाली आणि बॅग उचलून वेसच्या गाडीकडे लंगडत गेली. देशासाठी ती पुन्हा खेळली नाही.

टेसानं मला नीट वागवलं. तेल चोळलं, मूठ पुन्हा बांधून घेतली, देशोदेशी नेलं. तिची तक्रार नाही. हळूहळू सगळ्यांच्याच हातात कार्बन आला. टेसा शाळेत कोच झाली आणि मी तिथल्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात आले. खाली पितळी पट्टी आहे. तिच्यावर टेसाचं नाव आहे, त्या गोलाची हकीकत आहे. पोरी सामन्याला निघताना काचेला बोट लावून जातात. मान आहे मला, नाही कशाला म्हणू?

मागच्या हेमंतात लॉर्ना आली. भाचीचा सामना बघायला आली होती. केस पांढरे झालेत, हातात काठी आहे. काठीचासुद्धा राग आला मला. टेसानं तिला कपाटापाशी आणलं. लॉर्नानं चष्मा लावून पट्टी वाचली.

"किल्ली आहे माझ्याकडे," टेसा म्हणाली. "काढू? धरतेस हातात?"

लॉर्नानं काचेवर तळवा टेकला. मला श्वास असता तर मी तो रोखून धरला असता.

"नको," ती म्हणाली. "घेतली तर पुन्हा द्यावी लागेल. एकदा दिली तेवढं पुरे."

पुढे जाता जाता टेसानं विचारलं, "आणि ती काळी? आहे का अजून?"

"आहे की!" लॉर्ना हसली. "कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर लावलाय तिचा. चांदीची रेघ बिघ सगळी गेली. पण मोडत नाही मेली. रोज सकाळी तीच काढते, संध्याकाळी तीच लावते."

रोज सकाळी. रोज संध्याकाळी.

तेव्हापासून मला काच सहन होत नाही. तुम्ही कधी या व्हरांड्यातून गेलात तर माझं कौतुक करू नका, पट्टी वाचू नका. टेसाकडे किल्ली आहे. तिला एवढंच सांगा, म्हातारी विचारतेय, लॉर्नाच्या खुराड्याला आणखी एखादं दार आहे का?