रिकामी बडजी

थांबा मित्रांनो, हात लावू नका! माझ्यासमोर तशी पाटीच आहे. मी असोदा गावची जुनी बडजी, म्हणजे भाजलेली वांगी ठेचून भरीत करायचं सागाचं लाकडी भांडं. सध्या मुक्काम जळगावच्या एका संग्रहालयात, आधुनिक कलेच्या प्रदर्शनात. इथे माझं नाव 'भूक क्रमांक तीन'. काय म्हणावं या लोकांना!

सुतारानं मला अख्ख्या ओंडक्यातून कोरलं. वच्छलाबाईंच्या घरी हिवाळाभर मला उसंत नसे. शेतात वांगी भाजली, की सारी गल्ली मला मागून न्यायची. रीत एकच होती, बडजी परत करताना रिकामी द्यायची नाही. आत भरीत असायचं, निदान एखादा कांदा तरी. मिरचीचा ठसका आणि मुसळीचा मार मी हौसेनं सोसला.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या चित्रकार वृषालीताई घरी आल्या. "आजी, ही बडजी मला द्याल?"

"ने ना व माय," वच्छलाबाई म्हणाल्या.

बाईंना वाटलं, मागून नेतेय, आणून देईल. ताईंना वाटलं, कायमची मिळाली. त्यांनी मला व्हार्निश फासलं, बुडाला बोट जाईल एवढं भोक पाडलं आणि तार ओवून छतापासून हाताच्या उंचीवर टांगलं.

थंडी पडली, शेतात वांगी आली, बडजी काही घरी गेली नाही. शेवटी वच्छलाबाईच पत्ता विचारत एसटीनं मला न्यायला आल्या. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "हे पाय, माही बडजी!" त्यांनी माझ्यात हात घातला, तर बोट भोकातून खाली निघालं.

"आजी, मागे व्हा!" पहारेकरी खेकसला.

वृषालीताई धावत आल्या. "आजी, तुम्हीच दिली होती ना?"

"वापराले देली व्हती माय. फोडाले नाही."

बाईंनी पिशवीतल्या भाकरीसोबतचा कांदा काढला, माझ्यात ठेवला आणि डोळे पुसत निघाल्या. त्या दारापर्यंत पोचल्याही नव्हत्या, तोच पहारेकऱ्यानं तो कांदा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता.

मित्रांनो, माझं कौतुक नका करू. एवढंच करा, कुणाची वस्तू मागून नेलीत, तर तिला तिच्या कामाची ठेवा आणि वेळेवर घरी पोचवा. माझं घर तर आता सुटलंच. असोद्यात यंदाचं भरीत मिक्सरमध्ये होणार, आणि मी इथे रिकामी लटकणार.