केली आहे

“...जशी आम्ही क्षमा केली...” इथं मनीषा थांबली.

“बाई, विसरली ती!” साई मागच्या बाकावरून ओरडला.

“विसरले नाही. पुढे ‘आहे’ म्हणायचंय. मी केलेली नाही.”

यशोदाबाईंनी पुस्तक मिटलं. रविवारी बिशप येणार होते. शरणपूरच्या चर्चमध्ये सात मुलांना दृढीकरणाच्या विधीनं मंडळीचे पूर्ण सभासद करून घ्यायचं होतं, आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ नसेल त्याला पाद्रीसाहेब पुढे उभं करणार नव्हते. मनीषा कुणाबद्दल बोलतेय ते वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. वडील वारल्यावर दत्तूकाकांनी तिला आणि तिच्या आईला घराबाहेर काढलं होतं. काकाही याच चर्चमध्ये येत.

“मग ‘करीन’ म्हण ना,” साई म्हणाला. “भविष्यकाळ!”

पोरं हसली. बाईंनाही हसू आलं. शाळेत व्याकरणातले काळ त्यांनीच शिकवले होते.

“प्रार्थनेचा काळ आपण बदलायचा नसतो, बाळा. ‘केली आहे, तशी तू आम्हांला क्षमा कर’, असंच आहे ते.”

“बाई, तुम्ही केली आहे?” मनीषानं विचारलं.

बाई बोटांतला खडू उगाच फिरवत राहिल्या.

“एका माणसाला नाही. सव्वीस वर्षं झाली.”

“आणि तरी म्हणता?”

“एकटी असले की तिथंच जीभ अडते. पण ते ‘मी’ नाही गं, ‘आम्ही’ आहे. माझं झालेलं नसतं तेव्हा शेजारच्या कुणाचं तरी झालेलं असतं. त्याच्या आवाजात मी माझा मिसळते.”

“म्हणजे कॉपीच की,” साई पुटपुटला.

“हो, कॉपीच,” बाई म्हणाल्या. मग मनीषाकडे वळून, “तुला पाठ आहे, एवढं मी पाद्रीसाहेबांना कळवते. म्हणायचं की नाही ते तिथं उभी राहून बघ.”

रविवारी बिशपांनी सातही डोक्यांवर हात ठेवले. मुलं आपापल्या जागी परतली आणि सगळी मंडळी प्रार्थना म्हणू लागली. त्या ओळीशी आल्यावर मनीषाचे ओठ मिटले. बाकीचे आवाज पुढे गेले. त्यांत मागच्या बाकावरचा दत्तूकाकांचा घोगरा आवाज होता. ‘केली आहे’ तो इतरांसारखाच म्हणून गेला. ‘तशी तू आम्हांला’ इथं मात्र फाटला, आणि पुन्हा उमटला नाही.

मनीषानं मागे वळून पाहिलं नाही. मंडळी पुढच्या ओळीवर पोचली होती.

“...आम्हांला क्षमा कर,” ती हळूच म्हणाली.

शेजारी उभ्या यशोदाबाईंना ते ऐकू आलं. त्या पुढच्या ओळीवर गेल्या नाहीत. तिच्याजवळच थांबल्या.