कापलेली नळी

दादाचं बंदुका दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. नेम धरायला मला त्यानेच शिकवलं आणि लग्नानंतर वहिनीलाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या संघात एकच जागा उरली आणि तिच्यासाठी आम्ही नणंद-भावजय समोरासमोर आलो, तेव्हा त्याची पंचाईत झाली असं मला वाटलं. मी वेडी त्याचीच कीव करत बसले.

निवडीच्या आधी तो म्हणाला, "खांदा धरलाय ना तुझा? रायफल दे इकडे. नळी वीतभर कमी करतो, वजन उतरेल."

"वेग नाही का कमी होणार?"

"अगं, दारू अर्ध्या वाटेतच जळून संपते. पुढचं लोखंड नुसतं मिरवायला."

सरावाच्या छोट्या बावीस बोअरच्या काडतुसाबद्दल हे अगदी खरं. त्यात चिमूटभर दारू, ती लगेच जळते. नळी फार लांब असेल तर गोळी उलट घासून मंदावते. माझं काडतूस मोठं, दारू सावकाश जळणारी. ती पुरती जळून गोळीला रेटायची तर लांब नळी हवीच. मला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर अक्कल गहाण टाकली. जवळच्या मैदानावर नेम पुन्हा जुळवून घेतला, गोळ्या मधोमध लागल्या, मी खूश. लांबचं मैदान निवडीच्या दिवशीच उघडणार होतं.

तिथे पहिला बार काढला आणि नळीच्या तोंडाशी हा एवढा जाळ. दारू बाहेर जळत होती, नुसता उजेड पाडत. गोळी पार खाली लागली. मी नेम वर घेतला, तर वारा सुटला आणि त्या मंद गोळ्या त्याने हव्या तिकडे नेल्या. वहिनीच्या मात्र सरळ जात होत्या. मी हरले.

मैदानामागच्या शेडमध्ये दादा वहिनीची रायफल पुसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"केसाने गळा कापलास माझा!"

"हळू बोल. तुझं वय आहे अजून. तिची ही शेवटची संधी होती."

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर बाजूला झाली असतीस?"

नसतेच झाले. का व्हायचं?

तेवढ्यात वहिनी आली आणि माझ्या गळ्यात पडली. "वाईट वाटतंय हो, वन्सं. पण लढत बरोबरीची झाली ना? यांनी मला लांब नळी बसवली, तेव्हाच मी म्हटलं, आधी वन्संना बसवा. म्हणाले, तिलाही तशीच बसवलीय."

दादा नजरेने मला विनवत होता. घरातलं घरात राहू दे.

"माझी त्याने कापली, वहिनी," मी म्हणाले. "वीतभर."

वहिनीने दोन्ही रायफली भिंतीला शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल.

"म्हणजे तुम्हाला खात्रीच होती," ती दादाला म्हणाली, "की मी हिला हरवू शकणार नाही."