झेलणारीची सुपारी

सुपारी कनवटीला होती, आणि ती तिथं आहे हे प्रत्येक पावलाला कळत होतं — कालपासून गोजरानं ती तीनदा काढून पाहिली होती, एका अंगाला कुंकू लागलेली, साधी, बाजारातली सुपारी. पण घेतली की शब्द दिला गेला. उद्या जासईत पाटलांच्या मुलीची हळद. हळदीचं गाणं, धवला, गोजरा म्हणणार. एकटी.

धवला म्हटल्याशिवाय आगऱ्यांच्या घरात हळद लागत नाही, आणि धवलारिणी इकडे नेहमी दोघी असतात. एक अर्धी ओळ उचलते, दुसरी उरलेली झेलते. अठरा वर्षं बायजा उचलायची, गोजरा झेलायची. बायजा आली, असं लोक म्हणायचे. गोजरा आली असं कुणी कधी म्हटलं नाही. शिमग्याआधी ती एकदाच म्हणाली होती, मलाही उचलू दे… आणि बायजा नुसती हसली होती. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या हसण्यावर गोजरा उठून आली ती आलीच. माझी मी गाईन.

आणि आज सकाळी मिठागराच्या बांधावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तिनं पहिली ओळ उचलायला तोंड उघडलं, तर — मांडवाच्या दारी… हलदीच्या अंगी… — शेपट्या सगळ्या हजर, डोकं एकाही ओळीला नाही. अठरा वर्षं ऐकलं म्हणजे येतं, असं ती धरून चालली होती. पण ऐकलं कुठं होतं? बायजा उचलत असताना मी ऐकत नव्हतेच. मी श्वास धरून माझ्या जागेची वाट बघत होते.

पाटलांनी उरणहून लाउडस्पीकरचा कर्णा आणलाय म्हणे, गेल्या वर्षी महाराष्ट्र झाला तेव्हा चावडीपुढं लावला होता तसला. अडखळली तर मांडवापुरतं राहणार नाही, सगळी जासई ऐकेल. आणि धवल्यात देवांना नावानं बोलवायचं. एक जरी राहिला, तर त्या पोरीच्या संसारात पुढं जे जे वाकडं होईल ते गोजराच्या माथी. मग पुन्हा सुपारी कोण देणार? पुन्हा मिठागर, पुन्हा डोक्यावर टोपली, टाचेच्या भेगांत ते खारं पाणी… तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही, सरळ भीती.

“बायजाकं जा. पाय धर,” होडीवर जाताना जानू एवढंच बोलला होता. नवऱ्याला सोपं वाटतं. तरी ती निघालीच होती, वाटभर शब्द जुळवत — नुसती सुरुवात सांग, बाय, बाकीचं मी…

बायजा दारात सुपात जवळा निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“सुपारी घेतलीस म्हनं.”

“घेतली.”

“एकलीनं?”

“एकलीनं.”

जुळवलेले शब्द सोडून गोजरा तिच्याकडं बघत राहिली. बायजा केवढी वाळली होती. बोटं जवळ्यातून नुसती फिरत होती, निवडत काहीच नव्हती.

“मना बी परवाची हाय, उलव्याची,” बायजा म्हणाली. मग सुपाकडंच बघत, “हलदीच्या गान्यात वेशीच्या देवामागं कोन येतं गो? कालधरनं आठवतंय… नाय येत.”

नाव गोजराच्या जिभेवर आलं, चटकन, आपसूक; ते तिच्या झेलायच्या अर्ध्यातलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सकाळपासूनच्या सगळ्या भीतीखाली एक आधार होता हे तिला आत्ता कळलं — आपल्याला येत नसलं तरी बायजाला येतं; धवला कुठंतरी, कुणाच्या तरी पोटात अख्खा आहे. तो कुठंच नव्हता. कधीच नव्हता.

बायजानं आता मान वर केली होती आणि ती गोजराच्या तोंडाकडं बघत होती, वाट बघत. सांगून टाकावं, एक नाव तर आहे… पण ते नाव नुसतं निघेना. त्याच्याआधी कुणीतरी ओळ उचलायला हवी होती. आणि अठरा वर्षांच्या सवयीनं गोजरा श्वास धरून उभी राहिली.