नंबर कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुनी पुरवणी आहे. परीक्षेत हात वर करून बाईंकडे मागता, ती कागदाची पुरवणी नव्हे. संगणकावर इंटरनेट बघायला ब्राउझर उघडता ना, त्याला वरून ज्या जोडण्या लावतात, त्यांतली मी एक. नेकनूरच्या बसस्टँडजवळ जलालुद्दीनचाचांचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथे मला सगळे 'पेन्सिल' म्हणायचे, कारण माझं चित्र निळ्या पेन्सिलीचं. आता ते चित्र राखाडी झालं आहे. का झालं ते सांगते, आणि सांगताना माझी बाजू घेणार नाही.

दूरच्या एका शहरातल्या बेकार तरुणाने मला लिहिलं. नोकरीच्या प्रत्येक अर्जात तेच नाव, तोच पत्ता लिहून तो वैतागला होता. एकदा भरलेलं लक्षात ठेवायचं आणि पुढच्या फॉर्मात आपोआप उतरवायचं, एवढं एकच काम त्याने मला शिकवलं. मग ब्राउझरच्या दुकानात मला फुकट मांडलं. पुढे त्याला नोकरी लागली आणि तो मला विसरून गेला. चार वर्षांत त्याने माझी एकदाही डागडुजी केली नाही. शेवटच्या दुरुस्तीची तारीख माझ्या नावाखाली स्पष्ट लिहिलेली होती. ती वाचायला वेळ कोणाला आहे?

चाचा मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या संगणकावर फक्त दोन जोडण्या होत्या. एक जाहिराती अडवणारी, कारण निकालाच्या पानावर खोटी 'डाउनलोड'ची बटणं नाचायची आणि माणसं हटकून त्यांवरच बोट ठेवायची. दुसरी मराठी टाईप करून देणारी. तिसरी घ्या म्हणून कोणी सुचवलं की चाचा म्हणत, "जिचं काम आपल्याला एका वाक्यात सांगता येत न्हाई, ती घ्यायचीच न्हाई."

त्यांची फॉर्म भरायची पद्धत मोठी संथ होती. मोबाईलच्या रकान्याशी आले की ते हात थांबवायचे आणि मान वर करून विचारायचे, "नंबर कुणाचा?" कारण इथे पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तोही घरातल्या कोणाबरोबर तरी शेतात गेलेला. बायका पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढायच्या. चाचा दहाही आकडे मोठ्याने म्हणायचे. मग पडदा त्यांच्याकडे वळवून अख्खा फॉर्म वाचून दाखवायचे. मागे रांगेतली माणसं कुरकुरायची, "चाचा, लई येळ लागतो तुमास्नी."

चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांची मुलगी सहर खुर्चीत बसली. पोरगी हुशार, हाताला वेग, मनाने चांगली. रांग बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. त्या घाईतच तिने मला उचललं. 'तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी द्या,' असं मी मागितलं. तिने न वाचता 'हो' म्हटलं. मग चटकच लागली. एक जोडणी पान काळं करणारी, एक सवलतीचे कूपन शोधणारी, एक हवामान सांगणारी, एक रोज नवा डोंगर दाखवणारी. महिन्याभरात आम्ही चौदा झालो. संगणक धापा टाकू लागला.

चाचांनी एकदा पडद्याशी डोळे नेऊन बघितलं. "बेटा, एवढ्या काहून घेतल्यास?"

"अब्बा, फुकट हायेत."

"फुकट हाय म्हणून कुणालाबी घरात घेतो का आपण?"

सहर हसली. मलाही हसू आलं. माझं तेव्हा कौतुक चाललं होतं ना! गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, एका टिचकीत भरून मोकळी. "पेन्सिल लई भारी हाय," असं रांगेतला जो तो म्हणायचा. मी चढून गेले होते. या कौतुकात चाचांचा तो प्रश्न दुकानातून कधी नाहीसा झाला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

श्रावणातला सोमवार होता. कपिलधारचं दर्शन घेऊन परतताना उमापूरचा बंकट दुकानात शिरला, एक फॉर्म भरून घेतला आणि गाडी पकडून गेला. त्याचा नंबर माझ्याजवळ राहिला. त्याच्यामागे सायली उभी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. आई वनमालाबाईंचा तिच्यामागे एकच धोशा होता, की पोरीने माझ्यासारखं दुसऱ्याच्या रानात राबू नये. नर्सिंगच्या संस्थेचा प्रवेशाचा फॉर्म साधा होता, नंबर तपासायला ओटीपीसुद्धा मागत नव्हता. सहरने नाव बदललं, जन्मतारीख बदलली, गुण टाकले. मोबाईलचा रकाना पार तळाला होता. तिथे मी बंकटचा नंबर आधीच भरून ठेवला होता. सहरने बटण दाबलं.

मी वरच्या कोपऱ्यातून बघत होते. सायलीच्या मुठीत घामाने ओली झालेली चिठ्ठी होती. तिने दोनदा मूठ उघडली, दोनदा मिटली. विचारतील तेव्हा द्यावी, म्हणून ती थांबली होती.

पुढे ती दर चार दिवसांनी यायची. "ताई, आला का ओ मेसेज?"

"तुझ्या आईच्या फोनवरच येईल की. येळ लागतो त्यांना," सहर म्हणायची.

महिन्याने सहरने स्वतःहून संस्थेची निवडयादी उघडली. सायलीचं नाव पहिल्याच पानावर होतं. पुढे लिहिलं होतं, 'उमेदवार मुदतीत हजर नाही.'  सहरने भरलेला फॉर्म काढला, नंबर बघितला आणि तिथल्या तिथे लावला.

"व्हय, आलता एक मेसेज," बंकट म्हणाला. "इंग्रजीत व्हता. मला वाटलं जाहिरात हाय. पुसून टाकला बगा."

संस्थेत फोन केला. जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. सहरला रडू फुटलं. सायली रडली नाही. ती खालमानेने एवढंच म्हणाली, "ताई, चिठ्ठी माझ्या हातातच व्हती. तुमी इचारलंच न्हाई."

त्या दिवशी चाचा खुर्ची ओढून सहरजवळ बसले. एकेका जोडणीवर बोट ठेवून विचारू लागले, "हिचं काम काय?" उत्तर आलं नाही की ती जायची. चाचांच्या जुन्या दोन सोडून बारा होत्या, त्यांतल्या अकरा गेल्या. उरली मी. माझं काम मात्र सहरला एका वाक्यात सांगता येत होतं. "ही इचारायचं काम वाचवती, अब्बा." तिने मला काढलं नाही, नुसतं बंद केलं. तेव्हापासून मी राखाडी आहे.

या उन्हाळ्यात वनमालाबाई दुकानात आल्या. रेशनकार्डातून एक नाव कमी करायचं होतं.

"कुणाचं?" सहरने विचारलं.

"सायलीचं. लगीन झालं तिचं. तिकडच्या कार्डात चढवायचंय. यंदा पुन्यांदा फॉर्म भर म्हणलं, तर न्हाईच म्हणली."

सहरने कार्डाचा फॉर्म उघडला. मग तिने एकेक अक्षर हाताने भरलं. मोबाईलच्या रकान्याशी थांबली, मान वर केली आणि विचारलं, "नंबर कुणाचा, मावशी?"

वनमालाबाईंनी पदराची गाठ सोडली. चिठ्ठी तीच होती, सायलीच्या अक्षरातली. घामाने आकडे फुटले होते, तरी वाचता येत होते. सहरने दहाही आकडे मोठ्याने म्हटले.

मित्रांनो, माझ्यासारख्या पुष्कळ जणी ब्राउझरच्या त्या दुकानात फुकट बसल्या आहेत. हव्या त्या घ्या. पण घेण्याआधी एवढं बघा, की ती तुमचं कोणतं काम करणार आहे, आणि त्या कामाबरोबर तुमच्या तोंडचा कोणता प्रश्न घेऊन जाणार आहे. मी नेला, तो एका मुलीच्या वाट्याचा होता.