रडव्या गिटारीची नवी शिकवणी

मित्रांनो, मला चार पाय आहेत, तरी आजवर एक पाऊलही मी आपणहून चालले नाही. मला नेहमी कुणीतरी उचलून नेलं. पाय काढून पेटीत भरलं, गाडीच्या मागे चढवलं, उतरवलं, पुन्हा पाय लावले. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या भातशेतांच्या मुलखात नाचाचा असा एकही हॉल नसेल, जिथं मी उतरले नाही. आता पेटीचं झाकण उघडलं की मला उजेडाचासुद्धा कंटाळा येतो. मी एक जुनी स्टील गिटार आहे आणि खरं सांगायचं तर फार थकले आहे.

माझा जन्म हार्लन पिकेट नावाच्या कारागिराच्या शेडमध्ये झाला. तो दिवसभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी हात धुऊन गिटारी घडवायचा. हात नीट धुतले जायचे नाहीत, म्हणून माझ्या पोटाला आजही थोडा ग्रीसचा वास येतो. माझं अंग मेपलच्या लाकडाचं आहे. छातीशी धरून वाजवतात ती गिटार मी नव्हे. मी टेबलासारखी उभी असते आणि वाजवणारा माझ्यापुढे बसतो. डाव्या हातातली पोलादी कांडी तो तारांवरून सरकवतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो आणि पायांनी, गुडघ्यांनी खालच्या पट्ट्या दाबतो. त्यामुळे माझा सूर एका जागी ठरत नाही, ओघळत जातो. लोक म्हणतात, ही गिटार रडते.

मला विकत घेतलं ओडेल वात्स्लाविकने. तो भात वाळवण्याच्या गिरणीत कामाला होता आणि रविवारी लेलँड रुष्काच्या बँडमध्ये वाजवायचा. लेलँड गायचा. त्याचा बाप याच भागात अकॉर्डियनवर पोल्का, म्हणजे इथं येऊन वसलेल्या चेक लोकांची नाचाची धून, वाजवत म्हातारा झाला होता. लेलँडला त्या पोल्काचा लहानपणापासून वीट आलेला. त्याने तरुणपणीच बापाला सांगून टाकलं होतं की मी काउबॉय लोकांची गाणी गाईन, पण ही उड्या मारायची धून या जन्मात वाजवणार नाही. बाप-लेक त्यावरून बरीच वर्षं नीट बोलले नाहीत.

आमच्या गाण्यांचा रिवाज साधा होता. गायकाने एक ओळ म्हणायची आणि श्वास घ्यायचा. त्या श्वासाच्या जागेत मी रडायचं. लेलँडने गावं, ‘ती गेली,’ की मी हुंदका द्यावा. त्याने गावं, ‘कुत्राही गेला,’ की मी त्याहून मोठा द्यावा. होलुब हॉलमध्ये रविवारी प्रार्थना आणि जेवण आटोपलं की लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरवायचे, म्हणजे बूट सहज घसरतात. मग जोडपी एकाच दिशेने गोल फिरत राहायची. बापाच्या दफनाला ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, असे शेतकरी माझ्यामुळे टोपी खाली ओढून घ्यायचे. ते माझे कौतुकाचे दिवस होते. मी त्यांचा गर्व केला, नाही कशाला म्हणू?

पण मित्रांनो, रडण्याचंही वय होतं. ओडेलची बोटं सांध्यांत सुजू लागली. लांब सूर ओढताना कांडी त्याच्या हातात थरथरायची. तो कुणाला बोलला नाही. मला कळायचं, कारण तो थरकाप आधी माझ्या तारांत उतरायचा.

अशातच एकदा लेलँड ओडेलच्या गॅरेजमध्ये आला आणि उलट्या बादलीवर बसला.

“रडणं पुरे झालं, ओडेल,” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी बायको सोडून गेल्याची गाणी म्हणतोय. माझी बायको घरी बसून टीव्ही बघतेय.”

“मग तिला सांग की जायला,” ओडेल म्हणाला. “गाणं तरी खरं होईल.”

“थट्टा नको. मी समुद्रावर एकाला ऐकलं. सेड्रिक ऑगुस्त त्याचं नाव, त्रिनिदादचा. गोदीत वेल्डिंग करतो आणि पिंप वाजवतो.”

“कसलं पिंप?”

“तेलाचं. तळ ठोकून ठोकून त्यात सूर काढलेत. त्याची बेटावरची गाणी ऐकली आणि मला वाटलं, अरे, माणसाला असंही गाता येतं. हलकं. आता मी तसंच गाणार.”

“होलुब हॉलमध्ये? तिथले म्हातारे तुला खुर्च्या फेकून मारतील.”

“मारू देत,” लेलँड म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्याच्या दुःखावर गळा ताणून तोही दमला होता. ते त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

पुढच्या रविवारी सेड्रिक आपलं चकचकीत पिंप घेऊन आला आणि ते नेमकं माझ्या शेजारी मांडलं. मी मेपलच्या लाकडाची, आणि ही बया तेलाच्या पिंपाची. म्हातारपणी सवत आल्यावर एखादीला वाटेल तेच मला वाटलं. पण तिने तोंड उघडलं आणि मी गार पडले. पत्र्यातून इतकं गोड काही निघू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

लेलँडने बेटावरचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ संपली, त्याने श्वास घेतला, आणि ओडेलचा हात सवयीने सरकला. मी रडले. दुसरी ओळ संपली, मी पुन्हा रडले. ते गाणं होतं उन्हाचं, होडीचं आणि तळलेल्या माशाचं. माझ्या हुंदक्यांमुळे मासा खाऊन कुणीतरी मेलं असावं असं वाटायला लागलं. फिरणारी जोडपी अडखळली. एक थांबलं, मग त्यामागचं थांबलं. गाणं अर्ध्यावर येईतो मक्याच्या पिठावर एकही बूट उरला नव्हता. मंडळी भिंतीकडेच्या बाकांवर बसून कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, खात आमच्याकडे बघत होती.

हॉल चालवणाऱ्या बर्नडीन होलुब बाईंनी लेलँडला बाजूला घेतलं. “लेलँड, मी हॉल उघडते तो माणसं नाचावीत म्हणून. बसून खायचं तर ते घरीही खातात. पुढच्या रविवारी असंच झालं, तर त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा बँड येईल. वाईट वाटून घेऊ नकोस.”

“नाही घेत, बाई,” लेलँड म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं सगळ्यांना दिसत होतं.

बाहेर गाडीपाशी तो ओडेलला म्हणाला, “जुन्या गाण्यांवर मी परत जाणार नाही. पुढच्या रविवारी हीच गाणी म्हणणार. फक्त हिला घरी ठेव.”

“आणि मी?”

“तू ये की. बस, गप्पा मार. बीअर पी.”

ओडेलने माझ्या पेटीचं झाकण लावलं, आणि ते नेहमीपेक्षा जोरात लागलं. मित्रांनो, अडगळीच्या खोलीची भीती प्रत्येक वाद्याला असते. मी आयुष्यात पुष्कळ गाणी वाजवली, पण ‘हिला घरी ठेव’ एवढे तीन शब्द ऐकून माझ्या आत जे तुटलं, ते कुठल्याच गाण्यात नव्हतं. आणि मला ठाऊक होतं, मी घरी राहिले की ओडेलही फार दिवस हॉलवर जाणार नाही. बीअर प्यायला येणारा म्हातारा आणि वाजवायला येणारा म्हातारा, यांच्याकडे लोक सारख्या नजरेने बघत नाहीत.

दोन दिवस तो गॅरेजमध्ये फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी तिथं येऊन त्याने फोन उचलला आणि आपल्या मुलापेक्षाही लहान असलेल्या सेड्रिकला बोलावलं. त्या फोनमध्ये त्याला किती अभिमान गिळावा लागला, ते मी पेटीतून ऐकलं. तीनदा तर नुसता घसाच खाकरला.

सेड्रिक आला. ओडेलने गाणं वाजवून दाखवलं.

“काका, तिथं काय करताय?” सेड्रिकने विचारलं. त्यांच्याकडे वयाने मोठ्या माणसाला काकाच म्हणतात.

“ओळ संपली. मी उत्तर देतोय.”

“कुणी काही विचारलंय का?”

ओडेलच्या कपाळावर आठी पडली. “अरे, मग ती जागा रिकामी ठेवायची? मी तिथं बसून माशा मारू?”

“रिकामी नाही. ठोका पडला की लगेच त्याच्यामागे टोचायचं. टोचलं की हात ठेवायचा. लांबवायचं नाही. बाकीचं ऐकणाऱ्यांवर सोडा. ते काही अगदीच मठ्ठ नसतात.”

“माझ्या गावचे असतात,” ओडेल म्हणाला, पण त्याने तळहाताची कड माझ्या तारांवर ठेवली.

मला गुदमरल्यासारखं झालं. आयुष्यभर मोकळ्या गळ्याने रडलेल्या बाईच्या तोंडावर हात ठेवून तिला ‘आता एकेकच शब्द बोल’ म्हणावं, तसा तो प्रकार. पहिल्या संध्याकाळी नुसती खडखड झाली. ओडेलचा हात पुन्हा पुन्हा सरकायचा आणि सेड्रिक न चिडता म्हणायचा, “उत्तर दिलंत, काका.” मग दोघं हसायचे आणि पहिल्यापासून सुरू. तो रोज गोदीतून थेट यायचा, कपड्यांना जळक्या लोखंडाचा वास घेऊन. हळूहळू खडखडीतून एक स्वच्छ ‘चक’ निघायला लागला. ठोका, चक. ठोका, चक. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लांब सूर ओढताना थरथरणारा ओडेलचा हात या छोट्या टोच्यांमध्ये थरथरत नव्हता. त्याला दुखत नव्हतं. मी आपल्या रडण्याचं दुःख करत बसले होते आणि त्याच्या बोटांना किती वर्षांनी विसावा मिळत होता.

रविवारी ओडेल सगळ्यांच्या आधी हॉलवर गेला आणि मला मांडून बसला. लेलँड आला तो दारातच थबकला.

“ओडेल, मी काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतंस आणि मी ऐकलंही होतं. ही एकदा जरी रडली, तर झाकण मीच लावीन.”

लेलँडने सेड्रिककडे पाहिलं. सेड्रिक आपलं पिंप पुसत राहिला. भांडायला वेळ नव्हता, बाकं भरली होती.

गाणं सुरू झालं. ठोका, चक. ठोका, चक. लेलँडची पहिली ओळ संपली, जागा आली, आणि ओडेलचा हात तिथल्या तिथे राहिला. मी रडले नाही. पण नाचायलाही कुणी उठलं नाही. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. बर्नडीन बाई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. ओडेलच्या कपाळावरून घाम माझ्या लाकडावर पडला.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून लुडमिला माचाचेक उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन किती वर्षं झाली ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी शेजारी बसलेल्या दिराचा दंड धरला.

“ऊठ, पोल्का आहे.”

“हा पोल्का नाही, वहिनी. हे भलतंच काहीतरी आहे.”

“पाय कुठे उचलायचा ते कळतंय ना? मग पोल्काच. ऊठ.”

आणि त्या नाचल्या. आमच्या चकवर टाच उचलून, त्यांच्या आईने शिकवला असेल तसा अस्सल, उड्या मारत जाणारा पोल्का. बाकांवरून हशा उठला आणि मग हसणारेच उठले. ज्या म्हाताऱ्यांनी कित्येक वर्षं नुसते पाय ओढत फेऱ्या मारल्या होत्या, ते बेटावरच्या गाण्यावर धापा टाकत उडत होते. मक्याचं पीठ गुडघ्यापर्यंत उडालं. बर्नडीन बाईंनी हाताची घडी सोडली आणि त्या कोलाचेच्या टेबलाकडे गेल्या.

लेलँडच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र बघण्यासारखा होता. ज्या धुनेवरून बापाशी अबोला धरला, तीच त्याने जीव मुठीत धरून केलेल्या नव्या गाण्यात येऊन उभी राहिली होती. त्याने गाणं थांबवलं नाही, एवढं खरं.

“हे काय नाचतायत?” सेड्रिकने गाण्यातच ओडेलला विचारलं.

“त्यांना येतं ते.”

“छान नाचतायत,” सेड्रिक म्हणाला आणि वेग वाढवला.

नाच संपल्यावर लुडमिलाबाई लेलँडपाशी आल्या. त्यांना दम लागला होता. “तुझा बाप आज असता तर खूश झाला असता,” त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. लेलँडने टोपी काढून हातात घेतली. तो पोल्का नव्हता हे त्याने त्यांना सांगितलं नाही. त्यानंतरही कुणाला सांगितलं नाही.

मग तो आमच्याकडे आला. ओडेल माझे पाय काढत होता. लेलँड खाली वाकला आणि त्याने एक पाय आपल्या हाताने फिरवून काढला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता.

“पुढच्या रविवारी जरा लवकर ये,” तो म्हणाला. “हिला लावायला वेळ लागतो.”

“येतो,” ओडेल म्हणाला.

त्याला बरीच वर्षं झाली, मित्रांनो. आम्ही अजून जातो. मी पूर्वीसारखी रडत नाही. कधीकधी त्या रडण्याची फार आठवण येते, आणि घरी परतताना गाडीत अंग ठणकतं. पण अडगळीच्या खोलीपेक्षा हा थकवा बरा. तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य असेल, किंवा जुनं माणूस असेल. नव्या गाण्यात ते चुकीच्या जागी बोलेल, तुमचा खेळ बिघडवेल, तुम्हाला राग येईल. तरी त्याला घरी ठेवण्याआधी ते गाणं एकदा नीट समजावून सांगा. आम्ही सावकाश शिकतो. पण आम्हाला कुणी सांगतच नाही.

आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. खाऱ्या हवेत गंज फार लवकर धरतो.