खांद्याला लावलेलं लोणी

मित्रांनो, मी एक जुना गडी आहे, लोखंडाचा. चार चाकं, पाठीवर एक खुर्ची, पोटाखाली दोन पाती आणि काम एकच, मैदानावरचं गवत कापणं. माणूस माझ्यावर बसतो, सुकाणू धरतो आणि मी चरत चरत पुढे जातो. रंगाने लाल, म्हणून मला लाल्या म्हणतात. तुम्ही म्हणाल, हे तर बैलाचं नाव झालं. बरोबर आहे. बैलाचं नाव मिळालं म्हणूनच माझ्यावर एकदा भंगारात जायची वेळ आली. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती खोक्यातल्या अंधाराची आणि मग एकदम डोळ्यांवर आलेल्या उन्हाची. ते ऊन जवाहरनगरचं होतं. तिथल्या वसाहतीतल्या मैदानासाठी मला आणलं होतं. पहिल्या दिवशी एका हौशी साहेबांनी मला चालवून पाहिलं आणि थेट गुलाबाच्या वाफ्यात घातलं. मग सेवकरामला बोलावलं.

सेवकराम तिथे माळी होता, कोंढा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने आधी माझ्याभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली आणि म्हणाला, "चाल बाप्पा लाल्या." त्याच्या घरच्या बैलाचं नाव लाल्या होतं. त्या दिवसापासून ते माझंही झालं. आम्ही दोघांनी मिळून वर्षानुवर्षं ते मैदान राखलं. सकाळी फिरायला येणारी मंडळी चपला काढून गवतावर चालायची. कुणी म्हणे, गालिचा अंथरला आहे. सेवकराम वर मान करायचा नाही, पण त्याच्या हातांतला आनंद मला सुकाणूतून कळायचा.

मग नवं यंत्र आलं. चकचकीत, कमी आवाजाचं. मी शेडमध्ये गेलो. सेवकरामही निवृत्त होऊन आपल्या गावी, कोंढ्याला गेला. शेडमधले ते दिवस मला सांगवत नाहीत. माझ्या खुर्चीत कोळ्यांनी घर केलं, टायरांतली हवा गेली आणि मला वाटलं, संपलं आपलं.

पण देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही. मला लिलावात काढलं, तेव्हा कोंढ्याच्या मैदान समितीने मला घेतलं. त्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळतात आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. मला चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. ठेवायचं कुठे, तर सेवकरामच्या गोठ्यात. त्याचे बैल जाऊन बरीच वर्षं झाली होती. धानाचं शेत आता भाड्याचा ट्रॅक्टर नांगरतो. गोठ्यात रिकामा खुंटा होता, कोपऱ्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, होती आणि आता मी होतो. सेवकराम रोज संध्याकाळी येऊन उगीच माझ्याजवळ बसायचा. त्याची बायको धुरपता म्हणायची, "बैल होते तवा पानी तरी पाजाचे. याच्यापाशी काय करता जी?"

यंदा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी आणि हळद लावतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि बैलाच्या कानात सांगतात की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सेवकरामच्या हातांना ती सवय होती. हात रिकामे राहिले की माणसाला चैन पडत नाही. त्या संध्याकाळी तो लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"तुया खांदा कुठं हाय रे?" त्याने मला विचारलं.

मी काय सांगणार? त्याने आपलं आपण ठरवलं. बैल जोर लावतो तो खांद्याने. माझ्या इंजिनाचा जोर पात्यांपर्यंत जातो तो एका रबरी पट्ट्याने. पट्टा जुना होता, कोरडा होता, त्यावर बारीक भेगा होत्या. अगदी कामाच्या बैलाच्या खांद्यासारखा. झालं! सेवकरामने हात घालून घालून सगळ्या पट्ट्याला लोणी-हळद चोळली आणि माझ्या बॉनेटला तोंड लावून म्हणाला, "लाल्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आजवर कुणी मला तेल पाजलं होतं, कुणी पेट्रोल. जेवायला कुणी बोलावलं नव्हतं.

पण आवतण मला एकट्याला गेलं नव्हतं. तणशीतल्या उंदरांनाही लोण्याचा वास गेला. पोळ्यानंतर पाऊस लागून राहिला, मी गोठ्यातच उभा होतो आणि उंदरांनी माझ्या पोटाखाली जेवणावळी घातल्या. लोणी संपलं, तशी त्यांनी लोणी मुरलेलं रबरही कुरतडलं. मला सगळं कळत होतं. ओरडायला तोंड नव्हतं.

पाऊस उघडला. सेवकरामने मला मैदानावर नेलं आणि पाती सुरू केली. अरे देवा! माझं अंगन् अंग हादरायला लागलं. धडधड, धडधड. नटबोल्ट खुळखुळायला लागले, खुर्ची नाचायला लागली, सेवकरामचे दात वाजायला लागले. समितीचे टेकचंद चहाचा पेला घेऊन बघायला आले होते. त्यांनी पेला माझ्या बॉनेटवर ठेवला आणि तो सगळा त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडला.

"सेवकरामभाऊ, बंद करा! याचे दिवस भरले," टेकचंद पँट झटकत म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांना भीती होती. "पातं सुटून कोनाच्या पायात घुसलं त का कराचं? पोरी पयतात इथं. परवा बजाराच्या दिवशी भंगारवाला येते, त्याले देऊन टाकू."

धुरपताही म्हणाली, "देऊन टाका जी. तुमचे हात पाहा, कसे थरथरून राहिले."

सेवकरामने पाती बंद केली. मला ढकलत गोठ्यात आणलं, खुंट्याजवळ उभं केलं आणि माझ्या चाकाला टेकून बसला. त्याला रडू येत होतं. मलाही आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी तृप्ती माहेरी आली. ती भंडाऱ्याला मोटारसायकलींच्या गॅरेजमध्ये काम करते. बापाचा चेहरा पाहून तिने पदर खोचला.

"बाबा, हादरते म्हनजे नेमकं कवा हादरते?"

"सारखंच हादरते वो."

"तसं नाई. पाहू एकेक करून."

तिने नुसतं इंजिन सुरू केलं. मी शांत होतो. "म्हनजे इंजिन चांगलं हाय," ती म्हणाली. मग पाती जोडली. धडधड सुरू! तिने लगेच मला बंद केलं, मी चुकूनही सुरू होऊ नये म्हणून प्लगची वायर काढली आणि मगच पोटाखाली हात घातला. मित्रांनो, ही वायर काढायची गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र गरीब असलं तरी पातं गरीब नसतं.

दोन्ही पाती सोडून तिने भिंतीतल्या खिळ्यावर मधोमध अडकवली. एक बाजू जड असती, तर ती खाली गेली असती. पाती तराजूसारखी आडवी राहिली. मग पात्यांचे दांडे हाताने फिरवून पाहिले. ते सरळ होते. पट्ट्यावर नजर टाकली, तर वरून तोही साबूत दिसला. तृप्ती कपाळाला हात लावून बसली. सेवकरामने मान खाली घातली. "राहू दे बेटा," तो म्हणाला.

तेवढ्यात धुरपता चहा घेऊन आली, खाली वाकली आणि नाक मुरडलं. "इथं लोन्याचा वास काहून येऊन राहिला?"

तिने पट्ट्याखाली बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. मग तिने पट्टा पिळून उलटा केला. आतल्या बाजूने जागोजागी रबराचे लचके गेले होते, आणि धानाच्या पोत्यावर दिसतात तशा दातांच्या बारीक खुणा होत्या. त्या खुणा ओळखायला तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

"उंदरं हायेत! पन त्यांले इथं जेवाले बोलावलं कोनं?"

सेवकराम खुंट्याकडे बघत म्हणाला, "मीच. खांदशेकनी केली मी याची."

मग तृप्ती हसत सुटली. "बाबा, याचा खांदा कोरडा पाहिजे! लोनी लावलं का पट्टा घसरते. अन् असा खड्डे पडलेला पट्टा पुलीवरून गेला का हरेक खड्ड्याले दनका बसते." धुरपता हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराने त्याच्या हाताची हळद पुसल्यासारखं केलं. तिथे आता हळद नव्हती. "मले सांगाचं होतं जी," ती हळूच म्हणाली. "मी बी आली असती आवतन द्याले."

बाजाराच्या दिवशी तृप्ती सकाळीच स्कूटी घेऊन पवनीला गेली आणि त्याच मापाचा नवा पट्टा घेऊन आली. भंगारवाल्याची गाडी तोवर दारात येऊन उभी होती. टेकचंदांनी त्याला थांबवलं. तृप्तीने पट्टा चढवला, पाती बसवली, सेवकराम खुर्चीत बसला.

मी सुरू झालो. घरघर, फक्त घरघर, तरुणपणीसारखी. टेकचंदांनी हातातला चहाचा पेला बॉनेटवर ठेवला आणि पँट सांभाळत दोन पावलं मागे सरकले. चहा नुसता थरथरला. एक थेंब सांडला नाही. भंगारवाला म्हणाला, "एवढं चांगलं मशीन मले कायले बोलावून दाखवता?" आणि गाडी घेऊन निघून गेला.

आता मी समाधानी आहे. तणस गोठ्याबाहेर गेली. माझा पट्टा कोरडा असतो, पाती पुसलेली असतात. मित्रांनो, तुमच्याकडेही सायकल, पंखा, शिवणयंत्र असं कुणीतरी असेल. त्याच्यावर माया करा, पण त्याला काय मानवतं ते आधी पाहा. तुम्हाला आवडतं ते त्यालाही आवडेलच असं नाही. आणि ते थरथरायला लागलं, तर लगेच टाकून देऊ नका. जवळ बसा, कुठे दुखतंय ते एकेक करून शोधा.

पुढच्या पोळ्याचं आताच ठरलं आहे. हळदीचं बोट फक्त बॉनेटला लागणार. लोणी सेवकराम माझ्या खुर्चीत बसून पुरणपोळीवर खाणार, माझ्या वाटचंही. पण आवतण मात्र मलाच मिळणार आहे, आणि तेव्हा ते द्यायला दोघं येणार आहेत.